आभार परक्यांचे

सुरुवातीलाच माफी मागतो. आठवणी लिहाव्यात अशी माणसे वेगळी असतात. त्यांनी काहीतरी करून दाखवलेले असते, निदान त्यांचे वय तरी झालेले असते. मी अजून बी.ए.सुद्धा झालेलो नाही. माझ्या घराण्यात माझ्या आधी कोणी काही लिहिले असेल तर ते अंगठ्याने. परीक्षेच्या पेपरांखेरीज माझे लिखाण आजवर कोणी वाचलेले नाही, आणि ते वाचणाऱ्यांनीही खुशीने वाचले असेल असे मला वाटत नाही. तरी बसलो आहे लिहायला, कारण गेल्या आठवड्यात एक बातमी कानावर आली आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. ती कोणाला सांगायची तर आधीचे सगळे सांगावे लागते. म्हणून हा उद्योग. चुकले तर पोटात घालावे.

आमची वस्ती काष्टीपासून थोडी आत, नदीच्या अंगाला. नगरला नवीन कॉलेज निघाले त्याच सुमाराला मी मॅट्रिक झालो. काष्टीच्या स्टेशनात गाडीत बसलो तेव्हा मला वाटत होते, इंग्रजी आपल्याला येते. मॅट्रिकला पास झालो म्हणजे येणारच. पहिल्या आठवड्यात कॉलेजात मला एवढेच कळले, की हजेरी घेताना काय म्हणायचे. बाकी सगळे डोक्यावरून गेले.

आमच्यासारख्या खेड्यातल्या मुलांसाठी सकाळी, कॉलेज भरण्याआधी, इंग्रजीचा जादा तास असे. तो घ्यायला एक बाई होत्या. त्रावणकोराकडच्या, ख्रिस्ती, पंचविशीच्या आसपासच्या, लग्न व्हायचे होते. इतक्या लांबून एकट्याच नोकरीला आल्या होत्या. ख्रिस्ती लोकांच्या वस्तीला नगरात कंपाऊंड म्हणतात. तिथे एका नर्सबाईंकडे त्या खोली घेऊन राहत. कंपाऊंडातले लोक त्यांना मिसबाई म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मराठी त्यांना अजिबात येत नव्हते. त्यांची भाषा आम्हाला कोठून येणार? आमच्यात आणि त्यांच्यात होते ते फक्त इंग्रजी, आणि ते दोघांचेही घरचे नव्हते. हे मला फार नंतर उमगले.

मिसबाई पुस्तक उघडायच्या आधी रोज एकेकाला उभे करीत. आज सकाळपासून काय काय केले ते इंग्रजीत सांगायचे. मुले ठरलेले सांगत. उठलो, तोंड धुतले, चहा घेतला, देवाची प्रार्थना केली. प्रार्थना कोणी केलेली नसे, पण ते वाक्य सोपे होते. एका सोमवारी माझी पाळी आली. मी पहाटेच्या गाडीने घरून परत आलो होतो आणि डोक्यात घरचेच होते. माझ्या तोंडून निघून गेले, की आमचा बैल बसला तो उठेना.

वर्ग हसला. मिसबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारले, मग उठवला कसा?

आता काय सांगणार? शेपूट पिरगळणे, खांदा लावणे, कानाशी तोंड नेऊन हाळी देणे, यांना इंग्रजीत काय म्हणतात? मी बाकावरून बाहेर आलो आणि करूनच दाखवले. शेजारचा मुलगा बैल झाला. त्या एकेक शब्द फळ्यावर लिहीत गेल्या, मी म्हणत गेलो, पुन्हा पहिल्यापासून म्हणत गेलो, आणि शेवटी सगळे एका दमात म्हटले. माझा बैल इंग्रजीत उठला! त्या दिवशी मी कॉलेजातून माळीवाड्यातल्या माझ्या खोलीपर्यंत तीच वाक्ये घोकत चाललो. रस्त्याने कोणी ऐकले असेल तर त्याला वाटले असेल, पोरगे बिघडले. तोवर इंग्रजी मला पुस्तकातल्या कोणा साहेबाचे वाटे. त्या दिवसापासून त्यात आमचा गोठा आला. त्या एका सकाळच्या आधारावर मी पुढची दोन वर्षे काढली. इंटर पास झालो ते त्या सकाळच्या जोरावर.

आता खरी गोष्ट सांगायची ती अशी, की या दोन वर्षांत मी मिसबाईंना एकदाही 'थँक्यू' म्हटले नाही.

त्या स्वतः सारख्या म्हणत. शिपायाने खडू आणून दिला, थँक्यू. कोणी दार ओढून घेतले, थँक्यू. आम्ही वह्या दिल्या तरी थँक्यू. मला ते चमत्कारिक वाटे. आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार मानले तर तो रागावेल. आईने भाकरी वाढली आणि मी आभार मानले, तर ती विचारील, तू पाहुणा कधीपासून झालास? एका वर्षी ऐन पेरणीत आमचा एक बैल लंगडा झाला, तर शेजारच्या वस्तीवरचे काका आपली जोडी घेऊन बांधावर उभे राहिले आणि सगळे रान पेरून दिले. वडील एक शब्द बोलले नाहीत. पण काकांची बाजरी कापणीला आली तेव्हा आमचे सगळे घर त्यांच्या रानात होते. बोलावणे आले नव्हते, येणारही नव्हते. याला आमच्याकडे सावड म्हणतात. ज्याच्याशी सावड, त्याच्याशी आभाराची भाषा नाही. आभार मानून मोकळे व्हायचे ते परक्यांचे.

मिसबाईंशी माझी सावड होती, असे मी मनाशी धरून चाललो होतो. गुऱ्हाळ सुरू झाले की मी गुळाची छोटी भेली आणी. भुईमूग निघाला की शेंगा. हुरड्याच्या दिवसांत कणसे. तास सुटला आणि मिसबाई फळा पुसायला वळल्या, की मी पुडके टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवी आणि मागे न बघता निघून जाई. तरुण परक्या बाईच्या हातात वस्तू देणे आमच्याकडे बरे दिसत नाही, आणि तिच्या तोंडाकडे बघत बोलणे तर त्याहून नाही. म्हणून मी मान खाली घालूनच शिकलो. त्यांची चप्पल मी आजही ओळखीन. मला वाटे, सगळे पोचते आहे.

काय पोचत होते ते इंटरची परीक्षा जवळ आली तेव्हा कळले. माझा एक वर्गमित्र कंपाऊंडातला होता. मिसबाई ज्या नर्सबाईंकडे राहत त्या याच्या सख्ख्या आत्या. एक दिवस तो मला म्हणाला, "मिसबाई चालल्या. राजीनामा दिला. सुट्टी लागली की घरी, आणि पुन्हा शिकवायचंच नाही म्हणतात."

का, म्हणून विचारले. घरचे त्यांना परत बोलावत होते, हे तर होतेच. पण मिसबाई आत्यांना म्हणाल्या होत्या, की ज्या मुलासाठी मी सर्वांत जास्त खपले तो दोन वर्षांत माझ्याकडे वर मान करून बघत नाही, त्याला एक शब्द बोलावासा वाटत नाही. कोणीतरी बळजबरीने पाठवल्यासारखा येतो आणि तास सुटला की पळतो. शिकवणे हे माझे काम नाही हे देवाने मला त्या मुलाकडून सांगितले.

मी म्हणालो, "अरे, पण गूळ? शेंगा?"

तो पोट धरून हसायला लागला. "लेका, तो तू ठेवत होतास होय? मिसबाई म्हणायच्या, कोणीतरी विसरून जातं सारखं. शिपायाला द्यायच्या, ज्याचं असेल त्याला दे म्हणून. दोन वर्षं शिपाई गूळ खातोय तुझा!"

मला मात्र हसू येईना. एक माणूस आपले काम फुकट गेले असे समजून ते सोडून चालले होते, आणि ते समजणे साफ खोटे होते, आणि खरे काय ते फक्त मला ठाऊक होते. ते सांगायचे ते इंग्रजीत, आणि तेही सुट्टी लागायच्या आत.

लायब्ररीत बसून मी डिक्शनरी धरली. 'माया' काढले, 'जिव्हाळा' काढला, 'जीव लावणे' काढले. जे जे निघाले ते कागदावर उतरवून मित्राला दाखवले. त्याने एकेक वाक्य वाचले. माझ्या हृदयात तुमचे स्थान आहे, यावर तो म्हणाला, "हे वाचून तिच्या घरचे त्रावणकोराहून वऱ्हाडच घेऊन येतील. फेटा आहे का तुझ्याकडे?" दुसऱ्या वाक्यात मी त्यांना प्रिय म्हटले होते. तिसऱ्यात त्या गेल्यावर नगर मला ओसाड वाटेल असे होते. तो म्हणाला, तिसरे वाक्य तू कंपाऊंडाच्या फाटकात उभा राहून म्हण, मी लांबून बघतो.

मी म्हणालो, सरळ बहीण म्हणतो.

यावर तो हसला नाही. म्हणाला, "ते तर मुळीच नको. कोणी न विचारता बहीण म्हटलं, की लोक आधी दुसरंच धरून चालतात."

त्याचे खरे होते. आदल्या वर्षी पावसात हॉस्पिटलातल्या एका तरुण डॉक्टरांनी मिसबाईंना चर्चच्या दारापर्यंत छत्री धरली, तेवढ्यावरून कंपाऊंडात कितीतरी दिवस कुजबुज चालली होती. एकट्या बाईचे नाव म्हणजे धुतलेले पांढरे पातळ, शिंतोडा उडवणाऱ्याला काहीच लागत नाही. आत्यांना ते सगळे निस्तरावे लागले होते. म्हणून मित्राबरोबर मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी आधीच दम भरला. "चिठ्ठीबिठ्ठी लिहिणार असशील तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. जे काय असेल ते दिवसाढवळ्या, माझ्या व्हरांड्यात, माझ्यासमोर. आणि तिला रडवायचं नाही."

मी हो म्हटले आणि रविवारी घरी गेलो. का गेलो हे सांगता येणार नाही. मला बहुतेक वाटत होते की दिवसभर नांगर धरला म्हणजे वाक्य सुचेल. आईने माझे तोंड बघून विचारले आणि मी चुलीपुढे बसून सगळे सांगितले. तिला गूळ, शेंगा ठाऊक होत्या. बांधून तीच देत होती. ती भाकरी थापायची थांबली.

"तिला ठावं न्हाई? दोन सालं झाली आन तिला ठावंच न्हाई? मूग गिळून बसला हुतास का?"

मी म्हणालो, तूच म्हणतेस ना, आपल्या माणसाचे आभार मानू नयेत म्हणून.

"आपल्या मानसाचं न्हाई मानायचं. पर ती आपली हाय हे तिला कुनी सांगितलं?" मग तव्यावरची भाकरी उलथून ती म्हणाली, "बाईमानसाला बाईमानसानं सांगावं. उद्या म्या येते."

आई त्याआधी आगगाडीत बसली नव्हती. काष्टीपासून नगरपर्यंत ती लुगड्याचा पदर घट्ट धरून बसली आणि विसापूर गेले, सारोळा गेला, तरी एक शब्द बोलली नाही. मला वाटले घाबरली. नगर स्टेशनात उतरल्यावर म्हणाली, "काय बोलायचं ते जुळवीत हुते."

व्हरांड्यात आत्या, मित्र आणि मिसबाई होत्या. समोरच्या घरांतून दोन-चार बायका दारात येऊन उभ्या राहिल्याच. मिसबाई उठल्या, खुर्ची पुढे केली. आई खुर्चीवर बसली नाही. ती सरळ त्यांच्यापुढे गेली, दोन्ही हात त्यांच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटे मोडली. कडाकड आवाज झाला. मिसबाई गोंधळून माझ्याकडे बघू लागल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून इंग्रजीत म्हणालो, की माझ्या आईने तुमची दृष्ट काढली. पण ते मी नीट म्हटले नसावे, कारण त्या म्हणाल्या, काय काढले?

"सांग तिला," आई म्हणाली. "म्हनावं, आमच्या घरात कागुद वाचनारं कुनी नव्हतं. आता हाय. ते तुमी केलं."

मी सांगितले. माझी आई म्हणते, असे म्हणून सुरुवात केली आणि काय गंमत सांगू, जीभ सुटली! जे माझ्या नावाने म्हणता येत नव्हते ते आईच्या नावाने सरळ म्हणता येत होते. माझी आई म्हणते, तुम्ही आमच्या मुलासाठी खपलात. माझी आई म्हणते, तुम्ही एवढ्या लांब आलात, तुमच्या आईला किती कठीण गेले असेल. आई एक वाक्य बोले, मी दोन बोलून जाई. माझी आई म्हणते, ज्या दिवशी याने बैलाची गोष्ट सांगितली त्या दिवशी सगळा वर्ग हसला आणि तुम्ही हसला नाहीत. त्या दिवसापासून हा वर्गात तोंड उघडायला लागला. वडिलांना कचेरीचा इंग्रजी कागद आला तर आता हा वाचून दाखवतो. टेबलावरचा गूळ कोणी विसरून जात नव्हते, तो तुमचा होता. आमच्या घरी आभार परक्यांचे मानतात. म्हणून याने तुमचे मानले नाहीत. तुम्ही परक्या नाही.

मी थांबलो. आईने माझ्या दंडाला धरून हलवले.

"आरं, म्या येवढं कुटं बोल्ले?"

मित्राला खोकला आला. आत्यांनी तोंडाला पदर लावला. मिसबाईंना काय झाले ते कळेना. आत्यांनी इंग्रजीत सांगितले, की शेवटी शेवटी आई गप्पच होती. मग मिसबाई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. मी आत्यांकडे बघितले. रडवायचे नाही असे त्या म्हणाल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मिसबाईंनी डोळे पुसले. त्यांनी जे सांगितले ते मला अजून शब्दाला शब्द आठवते. त्या म्हणाल्या, "आमच्याही घरी म्हणत नाहीत. मी आईला एकदासुद्धा थँक्यू म्हटलेलं नाही. ते मी शाळेत शिकले, बोर्डिंगमध्ये. आणि इतकं शिकले, की ते शिकलेलं आहे हेच विसरले."

म्हणजे दोन घरांची रीत एकच, आणि दोन वर्षे आम्ही दोघे एका तिसऱ्याच्याच, साहेबाच्या, रीतीमागे एकमेकांना शोधत होतो! मी हे आईला मराठीत सांगितले. तिला त्यात नवल वाटले नाही. ती म्हणाली, "मंग? मानसंच हायेत ती बी." आणि पिशवीतून आणलेली भेली तिने मिसबाईंच्या हातातच दिली, शिपायाला देऊ नका म्हणून सांगितले. हे शेवटचे मी इंग्रजीत सांगितले नाही. मित्राने सांगितले.

दारात उभ्या राहिलेल्या बायकांचे काय झाले म्हणाल, तर त्यांतली एक पुढे येऊन आईला विचारून गेली, तुमच्याकडे गूळ विकत मिळेल का?

पण राजीनामा मंजूर होऊन गेला होता. मिसबाईंच्या घरी लग्नाची बोलणी चालली होती. मी धीर करून विचारले, आता तरी शिकवणार ना? त्या म्हणाल्या, ते आता माझ्या एकटीच्या हातात नाही. सुट्टी लागली, त्या दौंडवरून पुढे गेल्या. त्यांच्या गावाचे नाव मला नीट म्हणतासुद्धा येत नव्हते. परीक्षेचा निकाल लागला, मी पास झालो, आणि सांगायला त्या नव्हत्या. जादा तासाला एक म्हातारे सर येऊ लागले. चांगले होते. सकाळी काय केले ते मात्र विचारत नसत.

दिवाळी गेली, नाताळ गेला. मित्राला भेटलो की पहिले तेच विचारी, काही कळले का? तो म्हणे, कळले असते तर तुझ्याआधी नगरच्या वेशीवर दवंडी दिली असती. माझे मन दोन्हीकडे पळे. कधी वाटे, आपण सांगितले ते पोचले, आता काळजी नाही. कधी वाटे, पोचून काय उपयोग, सासरच्यांनी शिकवू दिले नाही तर? मग ते सगळे माझ्यापुरते झाले, त्यांच्यापुरते काय?

गेल्या आठवड्यात मित्र धावत कॉलेजात आला. तास चालू होता. दारातून त्याने मला हाताने बोलावले, आणि मी सरांची परवानगी न घेता उठलो, असे कधी केले नव्हते. हॉस्पिटलात दक्षिणेकडची एक नवीन नर्स आली होती, मिसबाईंच्याच गावाजवळची. आत्यांनी तिला व्हरांड्यात बसवून ठेवले होते. आम्ही पोचलो तेव्हा ती चहा पीत होती. मी तिच्याकडे सरळ बघितले आणि विचारले.

ती म्हणाली, मिसबाईंचे लग्न झाले. नवरा चांगला आहे. आणि गावात शाळा आहे, तिथे त्या शिकवतात. सकाळी शाळेच्या आधी मच्छीमारांच्या मुलांचा जादा तास घेतात, फी नाही. लग्नाआधीच त्यांनी सासरी सांगून टाकले होते, की शिकवणे सोडणार नाही.